‘पाहा’ची कार्डं

रत्नागिरीत एका ट्रस्टचं प्रसूतिगृह होतं, तिथे मी तीनेक वर्षं नोकरी केली. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी फिजिक्स घेऊन बी. एस्सी. झालेली, मुंबईला मावशीकडे राहून सहा महिन्यांचा कॉम्प्युटरचा कोर्स केलेली, आणि तेवढ्या भांडवलावर सबंध जिल्ह्याला शहाणं करायला परत आलेली. तेव्हाचा माझा एक फोटो आहे. त्यातल्या मुलीची हनुवटी जरा जास्तच वर आहे. तो पाहिला की तिच्या दोन थोबाडीत द्याव्याशा वाटतात.

कॉम्प्युटर मुंबईच्या चाकरमान्यांच्या एका मंडळाने दिला होता, गावाकडच्या लेकीसुनांची सोय व्हावी म्हणून. त्यात मराठी अक्षरं उमटावीत यासाठी आत एक वेगळा भाग बसवलेला होता. हिरव्या अक्षरांत एखाद्या बाईचं नाव पडद्यावर आलं की आयासुद्धा हातातलं काम टाकून बघायला यायच्या. माझं काम साधं होतं. दवाखान्यात येऊन गेलेल्या बायकांच्या नावांची कार्डं लाकडी खणांत होती, ती सगळी कॉम्प्युटरमध्ये भरायची, अकारविल्हे लावायची आणि नाव टाकलं की नोंद सापडेल असं करायचं.

ते खण भाऊंचे होते. भाऊ म्हणजे रेकॉर्डच्या खोलीतले कारकून, मूळचे केळशीचे, पन्नाशी ओलांडलेले. पांढरा लेंगा, पांढरा शर्ट आणि कानावर पेन्सिल. पंचवीसेक वर्षं ते एकच काम करत होते. बाई दारात आली की तिचं नाव विचारायचं, खणातून तिचं जुनं कार्ड काढायचं, कार्डावरच्या नंबरावरून मांडणीवरचा तिचा जुना कागद काढायचा आणि ती तपासायच्या टेबलावर चढायच्या आत तो डॉक्टरीणबाईंच्या हातात द्यायचा.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला असा एक कागद दाखवला. खालच्या कोपऱ्यात बाईंच्या अक्षरात तांबड्या शाईने दोन ओळी होत्या.

“ही तांबडी शाई बघितलीस?” भाऊ म्हणाले. “मागच्या खेपेला काही बिघडलं असलं तर बाई असं लिहून ठेवतात. पुढच्या वेळी काय जपायचं ते. बाईंना काय शेकड्यांनी पोटुशा आठवतात होय? आणि जी आलेली असते ती कळा देत असते, ती काय सांगणार? तेव्हा कागद सापडला पाहिजे गो. बाकी तुझ्या मशीनने काय वाटेल ते करावं. बाई आली, कागद सापडला. एवढंच.”

मी मान हलवली. ऐकलं मात्र अर्धंच. माझं लक्ष खणांवरच्या अक्षरांकडे होतं.

मशीनला मराठी लिहिता येत होतं, पण मराठी क्रम येत नव्हता. त्याच्या पोटात प्रत्येक अक्षराला एक आकडा होता आणि आकड्यांप्रमाणे ते नावं लावायचं. पहिल्या यादीची सुरुवातीची काही पानं छापली तेव्हा भाऊंनी पट्टी घेतली, पेन्सिल कानावरून काढली आणि ओळीओळीने खाली येत गेले. ळ हा ल च्या शेजारी जाऊन बसला होता. आपल्याकडे तो ह च्या नंतर येतो, शाळेत पाठ केलेल्या वर्णमालेत तसाच आहे. आणि ह्रस्व-दीर्घाच्या फरकाने एकाच घरातल्या दोन जावांमध्ये पानभर अंतर पडलं होतं.

“ह्या दोघींचं भांडण झालंय काय?” भाऊंनी विचारलं.

मशीन विकणाऱ्या माणसाला मी ट्रंककॉल लावला. तो म्हणाला, “चालतं हो, मॅडम. सगळीकडे असंच आहे.” मला ‘चालतं’ या शब्दाचा तेव्हा भयंकर राग होता. मी ठरवलं, आपण करून दाखवायचं. नावाच्या रकान्याशेजारी मी एक दुसरा, न दिसणारा रकाना केला. वर्णमालेतल्या प्रत्येक अक्षराला आपल्या क्रमाप्रमाणे दोन आकडी नंबर दिला. अ ला पहिला, मग पुढे रांगेने, ह झाल्यावर ळ, त्यानंतर क्ष आणि शेवटी ज्ञ. इ आणि ई ला एकच नंबर, उ आणि ऊ ला एकच. मग नाव वाचून त्याचे असे नंबर बनवून त्या लपलेल्या रकान्यात भरणारा प्रोग्रॅम लिहिला, आणि मशीनला सांगितलं की यादी नावावरून लावू नकोस, या नंबरांवरून लाव. सांगायला चार वाक्यं लागली. करायला तीन आठवडे लागले, त्यात वीज जायची ते वेगळंच. दर वेळी काम अर्धं झालं की पंखा बंद पडायचा आणि पडदा काळा व्हायचा, आणि मी खिडकीतून जांभ्याच्या कुंपणावर बसलेल्या कावळ्यांना शिव्या द्यायची.

तीन आठवड्यांनी ट्रस्टचे अध्यक्ष काम बघायला आले. मी यादी छापून तयार ठेवली होती, छातीवर पदक लावल्यासारखी. अध्यक्ष “वा, वा” म्हणाले. भाऊंनी यादी हातात घेतली आणि पहिल्या पाच मिनिटांत, अध्यक्षांच्या समोर, त्यावर पेन्सिल टेकवली.

“क्ष अजून क मध्येच आहे गो.”

होता खरा. मशीनच्या लेखी क्ष म्हणजे क, त्याचा पाय मोडून पुढे ष. माझा प्रोग्रॅम एकेक अक्षर सुटं वाचायचा, त्यामुळे त्याला आधी क च दिसायचा. जोडून आलेलं आधी ओळखायचं, हे मी लिहायला विसरले होते. अर्ध्या तासाची दुरुस्ती होती. पण अध्यक्ष हसले, म्हणाले, “भाऊंच्या नजरेतून काही सुटत नाही.” भाऊंनी काही वाईट हेतूने सांगितलं नव्हतं. मला मात्र तोंडात मारल्यासारखं झालं. मी मनाशी म्हटलं, आता या माणसाला काही विचारायचं नाही. आता जे काय करायचं ते आपलं आपण.

त्याच दुपारी मी क्ष दुरुस्त केला आणि यादी पुन्हा लावली. पडद्यावर नावं वर सरकत होती. सगळं जागच्या जागी होतं, अगदी बघत राहावं असं. मग प आला, आणि प मध्ये एक विचित्र प्रकार दिसला. पडदे भरभरून एकच शब्द. पाहा. पाहा. पाहा. त्याच्यापुढे कुणा ना कुणा बाईचं नाव. पान संपलं तरी पाहा संपेना.

नोंदी भरायला ठेवलेल्या दोन मुलींपैकी एकीला मी विचारलं. ती म्हणाली, “कार्डावर तसंच आहे. पहिल्या ओळीत असेल ते नावाच्या रकान्यात भरा, असं तुम्हीच सांगितलंत.”

मी त्यातली चार-पाच नावं तपासली. पाहा या शब्दापुढे जे नाव होतं, त्या नावाची पूर्ण नोंद दुसरीकडे आपल्या जागी होतीच. म्हणजे एकच बाई दोनदा आलेली. मला वाटलं, म्हाताऱ्याच्या सवयी! करायचं ते दोनदा करायचं. कोर्समध्ये आम्हाला शिकवलं होतं की दुबार नोंद हा गुन्हा आहे, आणि मी गुन्हेगार पकडल्याच्या आनंदात होते. भाऊ माझ्यापासून दहा पावलांवर बसलेले होते. खणात कार्डं लावत होते. मान वळवून “भाऊ, हे काय?” एवढं विचारायचं होतं.

मी नाही विचारलं. मी मशीनला सांगितलं, ज्या नोंदी पाहा या शब्दाने सुरू होतात त्या सगळ्या काढून टाक. मशीनने काढल्या. प आटोपशीर झाला.

ती कार्डं काय होती ते आता सांगते, तेव्हा समजून घेतलं नाही ते.

आमच्याकडे मुलीचं पहिलं बाळंतपण माहेरी. पावसकडची मुलगी संगमेश्वराच्या बाजूला आत कुठे दिलेली असली तरी पहिल्या खेपेला आईकडे येणार, आणि आई तिला घेऊन दवाखान्यात येणार. आईच्या तोंडी लेकीचं नाव माहेरचंच. कागद त्याच नावाने व्हायचा. दुसरं बाळंतपण मात्र सासरी. तेव्हा सोबत सासू, आणि सासू सांगणार ते नाव सगळंच वेगळं. आडनाव वेगळं, नवऱ्याचं नाव मध्ये आलेलं, आणि लग्नात बदललेलं म्हणून पहिलं नावही वेगळं. तीच बाई, तोच दवाखाना, आणि दोन नावांत एक अक्षर सारखं नाही. भाऊ म्हणून प्रत्येक पहिलटकरणीला जाताना विचारायचे, “सासरचं नाव काय गो तुझं?” आणि तिचं दुसरं कार्ड करायचे. वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीने बारीक अक्षरात सासरचं नाव, ते कार्ड त्या नावाच्या जागी खणात लावायचं, आणि पहिल्या ओळीत लिहायचं, पाहा, आणि माहेरचं नाव. सासू कुठलंही नाव घेऊन येवो, भाऊंचा हात कागदापर्यंत पोचायचा.

कोपऱ्यातली ती पेन्सिल आम्ही भरलीच नव्हती. आमच्या रकान्यांत कोपरा नव्हता.

पुढच्या आठवड्यात खण माळ्यावर गेले आणि भाऊंची रवानगी मागच्या खोलीत झाली, जन्मदाखल्यांच्या कामावर. जाताना त्यांनी दारात थांबून विचारलं, “दुसरी कार्डं घेतलीस ना गो सगळी? ती जरा वेगळी आहेत, तुला सांगायचंच—”

“सगळं घेतलंय, भाऊ,” मी म्हटलं. पडद्यावरून नजर न हलवता.

ते “बरं” म्हणाले आणि गेले. हे माझं एक वाक्य मला परत घेता आलं असतं, तर बाकीचं आयुष्य आहे तसंच राहिलं तरी चाललं असतं.

पाच-सहा महिने सगळं सुरळीत चाललं. म्हणजे मला तसं वाटत होतं. मशीन ‘नोंद नाही’ म्हणालं की नवा कागद करायचा, आणि ‘नोंद नाही’ बऱ्याचदा येत होतं. त्याचा अर्थ मी असा लावला की दवाखान्याचं नाव होतंय, नव्या बायका येताहेत.

थंडीतली एक दुपार होती. रिक्षातून एका बाईला उतरवलं, कळा जोरात सुरू असलेली. बरोबर सासू होती, तालुक्याच्या आतल्या गावची. नवरा मुंबईला गिरणीत. मी नाव विचारलं, सासूने सांगितलं, मी टाकलं. नोंद नाही.

“पयला पोरगा हितंच झाला हो तिला,” सासू म्हणाली. “आयशीकडं व्हती तवा.”

आयशीकडं. आईकडे. तो शब्द माझ्या कानावरून गेला. मी पुन्हा एकदा तेच नाव टाकलं, न जाणो टायपिंगची चूक असेल म्हणून. नोंद नाही. ती बाई भिंतीला धरून उभी होती. “मागल्या वक्ताला लई तरास झालावता,” एवढंच म्हणाली. पण तसं कोण म्हणत नाही? मी नवा कोरा कागद केला आणि आत दिला.

मूल झालं, मुलगी, चांगली. त्यानंतर वार सुटेना आणि रक्त थांबेना. आतून बाईंचा आवाज यायला लागला तसा मी कधी ऐकला नव्हता. रक्ताची बाटली तयार नव्हती, तिच्या गटाचं रक्त गावात सहज मिळणारं नव्हतं. कंपाउंडर सायकल घेऊन सिव्हिलकडे धावला. स्टँडवरचे दोन रिक्षावाले आणि बँकेतला एक शिपाई, असे रक्त द्यायला आले तोवर तास उलटून गेला. बाईंना शेवटी तिची पिशवी काढावी लागली. जीव वाचला. कसा वाचला ते बाईंनाच माहीत. सासू व्हरांड्यात बसून होती, मांडीवर ती दीड तासाची मुलगी, आणि एकसारखी माझ्याकडेच बघत होती. कारण समोर मीच होते.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने तिची आई आली, पावसकडून. भाऊ व्हरांड्यातच भेटले तिला.

“मागल्या वक्ताला बाईंनी तांबड्या शाईनं लिवून ठेवलान होता ना ओ?” ती भाऊंना म्हणाली. “माज्यासमोर लिवलान. मग कसा झाला ह्या?”

भाऊंनी तिला लेकीचं माहेरचं नाव विचारलं. छापील यादीत त्या नावाचा नंबर बघून दोन मिनिटांत मांडणीवरून कागद काढला. खालच्या कोपऱ्यात तांबडी शाई होती: वार अडकून फार रक्तस्राव, पुढच्या खेपेस आधी रक्ताची तयारी ठेवणे. मग ते शिडी लावून माळ्यावर चढले. बराच वेळ वर होते. खाली आले ते एक कार्ड घेऊन, केसांना धूळ लागलेली. ते कार्ड त्यांनी माझ्या टेबलावर ठेवलं. कोपऱ्यात पेन्सिलीने तेच नाव होतं, जे मी आदल्या दुपारी दोनदा टाकलं होतं. त्याखाली: पाहा.

“ही भरलीस ना म्हणालीस,” ते हळू म्हणाले.

“काढून टाकली,” मी म्हटलं. “मला वाटलं, दुबार आहेत.”

“किती?”

“सगळी.”

त्यांनी कार्ड उचललं, शर्टाच्या खिशात घातलं आणि बाईंच्या खोलीत गेले. दार अर्धं उघडं होतं. बाई विचारत होत्या, जुना कागद का आला नाही? आणि मी भाऊंचा आवाज ऐकला.

“माझ्याकडून राहिलं. दुसरी कार्डं तिला समजावून द्यायची ती मी दिली नाहीत. पोरगी नवीन आहे, तिला काय ठाऊक?”

मी माझ्या खुर्चीत होते. उठून आत जायला सात-आठ पावलं होती. पाय उचलला नाही. मनात काय काय येत होतं ते आज सांगायला लाज वाटते. नोकरी जाईल, मंडळाचे लोक काय म्हणतील, बाबांना काय सांगू. ती बाई आत पडलेली होती, पांढरीफटक, आणि मी माझं प्रगतिपुस्तक सांभाळत होते.

नंतरचे दोन महिने मी माळ्यावरचे खण खाली आणून एकेक कार्ड स्वतः भरलं. सासरच्या नावाचा वेगळा रकाना केला, त्यालाही आपला वर्णक्रम लावला, कुठलंही नाव टाकलं तरी नोंद निघेल असं केलं. एकाही मुलीला हात लावू दिला नाही. काम चोख झालं. वार्षिक सभेत अध्यक्षांनी मला शाल आणि नारळ दिला, मराठी क्रमाने याद्या करणारा जिल्ह्यातला पहिला दवाखाना असं काहीबाही बोलले. माझ्यासमोर माईक होता. मी सर्वांचे आभार मानले. भाऊ त्या सभेत नव्हते. निवृत्तीला दीड वर्ष असताना त्यांनी महिन्याभरापूर्वीच राजीनामा दिला होता, आणि ट्रस्टने तो, मला आठवतं, एकदाही नको न म्हणता घेतला होता.

वर्षभराने ती बाई मुलीला डोस द्यायला घेऊन आली. अंगाने वाळली होती, पण हसत होती. मी तिचं नाव टाकलं, नोंद लगेच आली, आणि मी खाली मान घालून लिहीत राहिले.

“ते भाऊ दिसत नाय?” तिने विचारलं.

“सोडली नोकरी त्यांनी.”

“आमच्या घरी आलेवते ते,” ती म्हणाली. “यस्टीतनं उतरून चालत. मी तवा खाटंवरच होते. वटीवर बसले, पानीपन घेतलं नाय. म्हनले, बाय, तुजा कागद माज्याकडनं ऱ्हायला, माफी कर. सासू लई वायीट बोलली त्यांना. गप ऐकून घेतलं आन गेले. मना तवा बोलाया सुचलं नाय.” तिने मुलीला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. “तुमी भेटाल ना त्यांना? तर सांगा, माजा राग नाय म्हनून. मानसाकडनं चुकतं. सांगाल ना?”

“सांगते,” मी म्हटलं.

भाऊंचं घर दवाखान्यापासून चालत दहा मिनिटांवर होतं. मी दोनदा त्यांच्या आळीच्या तोंडापर्यंत गेले. एकदा ते अंगणात दिसले सुद्धा, वाळत घातलेली आमसुलं उलथत होते. पुढच्या वर्षी मला पुण्यात नोकरी लागली. तिथे कुणी विचारलं की मी सांगायची, नावांच्या याद्या मराठी क्रमाने लावायचं काम मी केलंय, आणि लोकांना त्याचं फार कौतुक वाटायचं. त्यानंतर दोन वर्षांनी दवाखान्यातल्या एका आयाने पोस्टकार्ड टाकलं, त्यात शेवटच्या ओळीत भाऊ गेल्याचं लिहिलं होतं.

माफी मागायला ते माझ्या जागी गेले होते. तिने ती दिली, आणि ती त्यांच्यापर्यंत पोचवायचंसुद्धा माझ्याच्याने झालं नाही.